विद्यापीठातले आम्ही काही सहकारी मिळून २५ किलोमीटर धावायचं म्हणतोय. प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. एकत्र धावावं की आपापलं, आणि तयारी किती लागेल?

एकत्र. आणि वेग सगळ्यात हळू माणसाचा. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल एकट्याने धावावं, कोणी अडवलेलं नाही. फक्त मग टी-शर्टवर सगळ्यांचं मिळून एक नाव छापू नये.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका विभागप्रमुख सरांच्या डोक्यात आलं की शिक्षक आणि शिक्षकेतर मिळून कोल्हापूर ते पन्हाळा धावायचं. शिवाजी पुलापासून गडापर्यंत वीसेक किलोमीटर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. टी-शर्टला कॉलर हवी की नको यावर जेवढी चर्चा झाली तेवढी अभ्यास मंडळात अभ्यासक्रमावर होत नाही. रविवारी पहाटे रंकाळ्यावर सराव सुरू झाला आणि तिथेच दोन तट पडले. सर आणि त्यांच्याबरोबरचे चार-पाच जण मनगटावरच्या घड्याळात बघत पुढे, आम्ही बाकीचे मागे. ग्रंथालयातल्या एक मॅडम होत्या, निवृत्तीला आलेल्या. चाल संथ, पण सरावाला कधी दांडी नाही. तेव्हाच मी म्हटलं होतं, सर, पाण्याची गाडी कोणाच्या मागे राहणार ते आधी ठरवा. सर म्हणाले, "अहो, गाडी काय, पुढे-मागे करत राहील."

डिसेंबरातली थंडी. पंचगंगेवर धुकं आणि रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर गाणी मोठ्याने लावलेली. केर्लीपर्यंत रस्ता तसा सरळ आहे, तिथवर सगळे हसतखेळत गेले. केर्ली सोडली की चढ सुरू होतो आणि वाघबीळला हमरस्ता सोडून वळलात की खरा घाट. चढ लागला तशी बाकीची मंडळी दिसेनाशी झाली, मागे मॅडम आणि मी दोघंच उरलो, आणि मॅडमच्या पोटरीत गोळा आला. पाय सरळ होईना. पाणी गाडीत, केळी गाडीत, मीठ-साखरेचं पाणी गाडीत. आणि गाडी गडावर! कारण बॅनर गाडीत होता आणि पुढच्यांना ऊन चढायच्या आत फोटो काढायचा होता. फोन लावला तर कोणी उचलेना.

रस्त्यालगत एक गुऱ्हाळ चालू होतं. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या माणसाने आम्हाला बघितलं, हातातलं काम टाकलं आणि मॅडमना काहिलीच्या बाजूला उबेला बसवलं. गुळव्याने तांब्याभर रस दिला, त्यात लिंबू पिळलं आणि घरच्या डब्यातली मिठाची पुडी सोडून चिमूटभर मीठ टाकलं. "घामाबरोबर मीठ जातंय, नुसतं पाणी पिऊन काय हुतंय," असं तो म्हणाला. आमच्या ग्रुपवर महिनाभर आहाराचे जे तक्ते फिरत होते त्या सगळ्यांपेक्षा हे एक वाक्य कामाचं होतं. मी पोटरी चोळून दिली, पंजा गुडघ्याकडे ओढून धरला, अर्ध्या तासाने मॅडम उठल्या. उरलेला रस्ता आम्ही चालत गेलो. मॅडमनी एकदाही गाडी मागवा म्हटलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी कोणी नव्हतं. मंडळी झुणका-भाकरीला बसली होती. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. खाली सगळ्यांची नावं, आमची दोघांचीही, आणि वर मजकूर की सर्व सहकाऱ्यांनी एकसाथ गड सर केला. फोटोत आम्ही नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सर अजूनही चहाच्या टेबलावर सांगतात की आपापल्या वेगाने धावणं हेच शास्त्र आहे, वेग मुद्दाम कमी केला की लय बिघडते. एकदा तर म्हणाले, महाराजही पुढे विशाळगडाला गेलेच ना! गेले. बाजीप्रभू खिंडीत मागे थांबले म्हणून गेले, सर. आमच्यात मागे थांबायला कोणाला नेमलं होतं ते सांगा.

दुसरा त्यांचा आवडता दाखला कॉम्रेड्सचा. दक्षिण आफ्रिकेतली डर्बन आणि पीटरमारित्झबर्गमधली ती नव्वदेक किलोमीटरची शर्यत, १९२१ पासूनची. कोल्हापुरातले बरेच जण जाऊन आलेत, त्यामुळे इथे तिचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो. पण तिथे शर्यत पुरी करायला बारा तास असतात आणि त्या वेळेत बसण्यासाठी लोक 'बस' करून धावतात. पुढे एक अनुभवी माणूस, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कुठे चालायचं आणि कुठे पळायचं ते सांगतो आणि अख्खा जथा त्याच्या तालावर जातो. एवढ्या मोठ्या शर्यतीत लोक दुसऱ्याच्या वेगाने धावायला लाजत नाहीत, आणि आमच्या प्राध्यापकांची लय बिघडते.

बरं, तुमच्या तयारीचं. आज न थांबता पाच किलोमीटर जमत असेल तर चार महिने धरा, जमत नसेल तर सहा. रविवारी लांब पल्ला, दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरच वाढवायचे, चौथ्या आठवड्याला कमी करायचे. चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं हे पहिल्या किलोमीटरपासून करा, दमल्यावर नव्हे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. चढ चालत चढलात तर कोणी पगार कापत नाही. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या दिवसांत तारीख ठेवू नका, निम्मी माणसं गळतील.

आता, जो खरंच वेगवान आहे त्याला सतत रेटून हळू धाववलं तर त्याचेही पाय दुखतात, हे मी मान्य करतो. त्याला पुढे जाऊ द्या, पण किलोमीटरभर जाऊन वळायचं, शेवटच्या माणसापर्यंत परत यायचं आणि पुन्हा पुढे. त्याचं अंतर जास्त होतं, हौस फिटते. हेही मी सरांना सुचवलं होतं. शिवाय तुम्ही आयोजित मॅरेथॉनमध्ये नाव घालणार असाल तर पाण्याची टेबलं आणि रुग्णवाहिका त्यांची असते, तिथे वेगळे झालात तरी बिघडत नाही. माझं सगळं म्हणणं आपण आपल्या जिवावर रस्त्यावर उतरतो तेव्हाचं आहे. आणि चाळिशी उलटलेल्यांनी, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरला दाखवून या, हे खरं तर मी वरच लिहायला हवं होतं.

सध्या सरांनी नवा ग्रुप काढलाय. या वेळी राधानगरीपर्यंत, टप्पे वाटून. मलाही घेतलंय, मॅडमनाही, त्या आता निवृत्त आहेत तरी येणार म्हणतात. टी-शर्टचे पैसे भरा म्हणून रोज आठवण येते. गाडी शेवटच्या माणसाच्या मागे राहील आणि बॅनर गाडीत नसेल, हे सरांनी ग्रुपवर लिहून दिल्याशिवाय मी भरणार नाही, असं मी कळवलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.