गोव्यात चार-पाच दुभत्या गायींसाठी सायलेज कल्चर, यीस्ट, एन्झाइम यातलं काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीत चार-पाच संकरित गायी आहेत, दुकानदार कल्चर, यीस्ट, एन्झाइम पावडर सगळंच घ्या म्हणतो, तर पैसे कशावर घालायचे. माझ्याही गायी आहेत, सत्तरीत, म्हणून सरळच सांगतो, पहिले पैसे सायलेजवर, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यावर घाला, बाकीचं नंतर बघू.

आपल्याकडचं दुखणं पावसाचं आहे. जून ते सप्टेंबर हिरवं गवत भरपूर पण त्यात पाणीच जास्त, सुकवायचं तर ऊन नाही, आणि मार्च-एप्रिल आला की डोंगर सगळे करडे, मग घाटावरून येणारा चारा म्हणतील त्या भावाने घ्यावा लागतो. म्हणून हिरवा चारा असतो तेव्हाच आंबवून ठेवायचा. कुट्टी (बारीक कापलेला चारा) घट्ट दाबून हवा काढून बंद केली की लॅक्टिक अ‍ॅसिड करणारे बॅक्टेरिया चाऱ्यातली साखर खातात, पीएच ४ च्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जंतू तिथे वाढत नाहीत. पाकिटातलं कल्चर म्हणजे हेच बॅक्टेरिया, मुद्दाम वाढवलेले.

मका दाणा चिकातून पिठाळ होताना कापलात तर त्यात साखर पुरेशी असते, कल्चर नसलं तरी सायलेज चांगलं होतं. खरी गरज नेपियर गवताला, त्याची को-४ जात असो की को-५, साखर कमी आणि पाणी जास्त. पाऊस उघडला की सकाळी कापून दिवसभर कोमेजू द्या, १०० किलोला २-३ किलो गूळ किंवा मळी आणि कल्चर घाला. कल्चर विरघळवायला विहिरीचं पाणी घ्या, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतं. ४५ दिवसांनी उघडा, आंबूस वास आला पाहिजे. बुरशी दिसली तर तेवढा भाग फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी, कारण अफ्लाटॉक्सिनसारखं बुरशीचं विष खाण्यातून दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी जात नाही, ते दूध आपलीच पोरं पितात. ओल लागलेल्या पेंडीलाही हेच लागू.

वायंगण शेतीचा (उन्हाळी भाताचा) सुका पेंढा असेल तर १०० किलोला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा आणि २१ दिवस हवाबंद झाकून ठेवा, तयार होणाऱ्या अमोनियाने पेंढा मऊ पडतो, प्रथिनंही वाढतात. गव्हाणीत घालण्याआधी थोडा वेळ उघडा ठेवून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासराला हा पेंढा नको, आणि युरिया नुसता कधीच खायला घालू नका, जनावर दगावतं.

यीस्ट जास्त खुराक खाणाऱ्या, जास्त दूध देणाऱ्या गायीला उपयोगी पडतं, कोठीपोटातली (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातली) आम्लता सांभाळायला मदत होते, पण चारा धड नसेल तर त्याचा काय उपयोग. दाण्यातला फॉस्फरस मोकळा करणारं फायटेज एन्झाइम मुळात कोंबड्या-डुकरांसाठी, गायीच्या पोटातले जंतू ते स्वतःच बनवतात, त्यामुळे ते तुम्ही घेऊच नका. अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं) चांगला, पण किलोभर ओल्या अझोलात सुका माल साधारण ६०-७० ग्रॅमच, पेंड बंद करण्याइतका तो नाही.

सायलेज पहिल्या दिवशी ५ किलोपेक्षा जास्त देऊ नका, हळूहळू वाढवा. जुन्या गोव्यात एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, नेपियरच्या कांड्यांसाठी तिथे विचारून बघा. तुमच्याकडे चाऱ्याला जागा किती आणि विहिरीला मेपर्यंत पाणी टिकतं का ते कळवा, त्यावरून मका करायचा की नेपियर ते सांगतो.