पोटगीत वाढ कोणत्या तोंडाने मागू?

प्रश्न : 2019 मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला, तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी दरमहा 8,000 रुपये ठरले आणि ‘यापुढे वाढ मागणार नाही’ या अटीखाली मी सही केली. आता तो सातवीत आहे, शाळेची फी दुपटीच्या वर गेली आहे आणि त्याच्या वडिलांना दोनदा बढती मिळाली आहे. मीही नोकरी करते. सही केल्यावर आता वाढ कोणत्या तोंडाने मागू? रक्कम वाढेपर्यंत रविवारच्या भेटी बंद कराव्यात, असेही मनात येते. परवा मुलाने विचारले, ‘बाबा माझी फी भरतात का?’ मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : ताई, सही तुम्ही स्वतःच्या वतीने केलीत. दरमहा येणारे ते 8,000 रुपये मात्र तुमचे नाहीत, मुलाचे आहेत, आणि त्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार ना तुम्हाला होता ना त्याच्या वडिलांना. म्हणून ती अट वाचून कच खाऊ नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 नुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांच्या निर्वाहाबाबतचा आदेश घटस्फोटानंतरही अर्ज करून बदलून घेता येतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम 25 तर स्पष्टच म्हणते की, रक्कम न्यायालयाच्या हुकूमनाम्याने ठरलेली असो वा कराराने, परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्यास तीही बदलता येते. सहा वर्षांचे मूल बारा-तेरा वर्षांचे होणे, हा त्या बदलाचा सर्वांत साधा पुरावा आहे.

तुमच्या नोकरीमुळे हक्क जात नाही, पण तिचा हिशेब होईल, आणि तो व्हायलाच हवा. 2000 साली पद्मजा शर्मा प्रकरणात आईवडील दोघेही कमावते होते. तिथे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च वडिलांनी दोन भाग आणि आईने एक भाग असा, मिळकतीच्या प्रमाणात वाटून दिला. याचा अर्थ तुमचाही वाटा धरला जाईल. तो आपणहून मांडलात, तर तुमच्या मागणीला वजन येईल.

आता एक वही घ्या आणि मागच्या बारा महिन्यांचा मुलाचा खर्च तारीखवार लिहून काढा. त्यात शाळेची फी, स्कूलबस, शिकवणी, डॉक्टर, गणवेश आणि या वयात दर सहा महिन्यांनी लहान होणारे बूटसुद्धा येऊ द्या. घरभाडे, किराणा आणि वीजबिल यांतला त्याचा वाटा बायका बहुधा लिहायच्या विसरतात, तोही धरा. पावत्या पाठीमागे टाचून ठेवा. ‘महागाई फार वाढली’ या वाक्यापेक्षा या वहीचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

वही हाती आल्यावर आधी त्याच्या वडिलांना लिहा. जुनी उणीदुणी न काढता खर्चाचा तक्ता जोडा, हवी ती रक्कम सांगा आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. ते तयार झाले, तर तोंडी होकारावर विसंबू नका; नवी रक्कम आणि दरवर्षीची ठरावीक टक्के वाढ लिहून घेऊन त्यावर न्यायालयाचा आदेश करून घ्या. मागच्या वेळी राहून गेले ते हेच, आणि मला त्याची फार हळहळ वाटते, कारण त्या एका ओळीमुळे आजचे हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

ते तयार झाले नाहीत, तर त्याच न्यायालयात अर्ज करा, उगाच लांबवू नका. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून द्यावा असे सांगितले आहे, त्यामुळे अर्जाआधीच्या महिन्यांचा फरक सहसा हाती लागत नाही. त्याच निकालानुसार दोघांनाही मिळकत आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते, म्हणजे बढतीबद्दल तुम्हाला तर्क करीत बसावे लागणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

रविवारच्या भेटी मात्र बंद करू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. पैसे आणि भेट यांची सांगड घातली की मुलाला आपण ओलीस आहोत असे वाटू लागते. शिवाय भेटीचा आदेश मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल आणि रास्त मागणी मागे पडेल.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला खरे तेच सांगा : ‘हो, बाबा दर महिन्याला पैसे देतात, मीही देते, आणि आता तू मोठा झालास म्हणून किती लागतात ते आम्ही पुन्हा ठरवतो आहोत.’ आकडा सांगू नका, आणि ती वही त्याच्या हाती लागणार नाही अशा कपाटात ठेवा.