उन्हाळी बेगमी आणि आपले ग्राहक भांडार : वाचकांचे प्रश्न

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. गहू कधी भरावा, तिखटाला कोणती मिरची घ्यावी, आंब्याची पेटी कुठून मागवावी, असे प्रश्न दर वर्षी येतात. यंदा मात्र सहकारी ग्राहक भांडारांचे सभासद आणि पदाधिकारी यांचीही बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. वर्षातला कोणताही दुसरा हंगाम भांडाराला सभासदांच्या इतके जवळ आणत नाही, कारण याच दिवसांत खरेदी, मेहनत आणि नुकसान या तिन्ही गोष्टी वाटून घेण्यासारख्या असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील तीसेक कुटुंबांनी वर्षाचा गहू एकत्र घ्यावा असे ठरत आहे. त्यासाठी संस्था नोंदवावी लागेल का? गहू कोणता घ्यावा आणि तो वर्षभर टिकावा म्हणून काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

आपापसांत पैसे जमवून वर्षातून एकदा धान्य आणायचे असेल, तर संस्था नोंदवण्याची गरज नाही. कायमचे दुकान थाटायचे, भागभांडवल उभारायचे आणि सभासदांच्या नावे हिशेब ठेवायचा असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी करावी. आपल्याकडे या दोहोंच्या मधला एक जुना आणि कसाला उतरलेला मार्गही आहे. १९७५ साली गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, महिन्याच्या मालाची मागणी एकत्र नोंदवली आणि आलेला माल सभासदांनीच एखाद्या घरी किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत वाटून घेण्याची रीत घालून दिली. आपल्या परिसरात असा संघ असल्यास आधी त्यांचे वाटप एकदा पाहून यावे.

गव्हाच्या जातीवरून वाद होणार हे गृहीत धरावे. रोजच्या पोळीला लोकवन पुरेसा चांगला आहे. मध्य प्रदेशातून येणारा सिहोर किंवा शरबती महाग पडतो, पण त्याची पोळी अधिक वेळ मऊ राहते. खपली गहू खिरीसाठी थोडा वेगळा घ्यावा. सगळ्यांचे एकमत होत नसेल, तर प्रत्येक नमुन्याचा किलोभर गहू दळून आणावा, एका संध्याकाळी सभागृहात पोळ्या लाटाव्यात आणि सर्वांनी चाखून निर्णय घ्यावा. या एका संध्याकाळीने महिनाभराची चर्चा मिटते, शिवाय नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांची ओळखही होते.

खरेदी एप्रिलमध्ये किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, म्हणजे हवेत दमटपणा येण्यापूर्वी गहू डब्यात जाईल. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज येऊन तुटला पाहिजे. तो चेपला गेला तर त्यात ओल आहे असे समजावे. गहू चाळून, पाखडून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे, पण उन्हातून उचललेला गरम गहू तसाच कोठीत भरू नये. बंद कोठीत त्याला घाम सुटतो आणि तळाशी बुरशी धरते. रात्रभर सावलीत निववून, हाताला एरंडेल घेऊन तो दाण्यांना चोळावा आणि सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत भरावा. येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. गोदामात धुरी देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी कितीही खात्री दिली तरी घरात आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो आणि तो भिंतीपलीकडच्या घरातही पोहोचतो.

वजनासाठी वैधमापन विभागाची मुद्रा असलेला काटा वापरावा. चाळताना निघालेले खडे, कोंडा आणि माती यांची तूट शेवटी पोते उचलणाऱ्याच्या माथी न मारता सर्व हिश्शांवर सारखी पसरावी.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या भांडाराने थेट देवगडच्या बागायतदाराकडून हापूसच्या पेट्या मागवल्या. काही सभासदांची आठ-दहा फळे नासली, काहींचे एकही नाही. त्यावरून इतकी कटुता आली की यंदा आंबा मागवूच नये असा सूर आहे. आपला सल्ला काय? (भांडाराचे सचिव, पुणे)

आंबा जरूर मागवावा. फळ नासणे हा आंब्याचा स्वभाव आहे. नुकसान कोणी सोसायचे हे पैसे घेण्यापूर्वी ठरलेले नसल्यामुळे आपल्याकडे कटुता आली, आणि ती पूर्णपणे टाळता येते.

भांडारे सहसा पेटी आली की तशीच सभासदाच्या हाती देतात. तसे केले की वाईट पेटी ज्याच्या वाट्याला येईल त्याचे नशीब फुटते, आणि सहकाराला काही अर्थच उरत नाही. त्याऐवजी आंबा कच्चाच मागवावा. कोकणात ज्याला चौदा आणे तयार, म्हणजे पूर्ण तयारीला थोडे कमी असलेले फळ म्हणतात, तसे फळ काढून पाठवण्याची विनंती बागायतदाराला करावी. झाडावर अधिक काळ राहिलेल्या हापूसमध्ये साका होण्याचा, म्हणजे आतला गर पांढरट व बेचव होण्याचा, धोका वाढतो, आणि साका तर बाहेरून दिसतही नाही. फळे आली की भांडाराच्या मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यात आढी लावावी, म्हणजे फळे थर देऊन पिकत ठेवावीत. एकावर एक फार थर रचू नयेत, देठ दुखावू देऊ नये आणि दोन दिवसांआड दोघा-तिघा सभासदांनी आढी उलगडून फळे पाहावीत. देठाजवळ काळे वर्तुळ दिसू लागलेले फळ लगेच वेगळे काढावे, नाहीतर ते शेजारच्या फळांनाही खराब करते. आठवडाभरात रंग फिरू लागतो, त्या खोलीचा दरवाजा उघडला तरी आत काय आहे हे रस्त्यावर कळते, आणि खरेदीला आलेला सभासद आपणहून आत डोकावून दोन फळे हातात घेऊन पाहतो. वाटप त्यानंतर करावे. तोवर जी फळे गेली ती सगळ्यांची गेली, आणि त्यांची किंमत वाटपाच्या दरातच धरलेली असावी.

घरी नेल्यावर कापताना साका निघाला तर काय करावे, याचाही नियम आधीच लिहून ठेवावा. दर दहा पेट्यांमागे एक पेटी राखीव ठेवावी, वाटपापासून तीन दिवसांत सभासदाने नोंदवहीत नोंद करावी आणि त्याला बदली फळ मिळावे. फळ परत आणून दाखवण्याची अट घालू नये. सभासदाच्या शब्दावर विश्वास ठेवणे भांडाराला परवडते. जो दर वेळी दहा फळांची तक्रार करतो, तो नोंदवहीत आपोआप दिसतो.

दराविषयी एवढेच सांगावेसे वाटते की पेटीचा भाव विचारू नये, फळाचे वजन विचारावे. फळ लहान असेल तर त्याच पेटीत अधिक डझन बसतात, त्यामुळे दोन पेट्यांच्या नुसत्या भावांची तुलना करून काही कळत नाही. अक्षय्य तृतीयेला भाव चढलेले असतात. नैवेद्यापुरती थोडी फळे तेव्हा घ्यावीत आणि मोठी मागणी मेमध्ये नोंदवावी. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे, तेव्हा बागायतदाराची त्याखालील नोंदणी पाहून घ्यावी. कर्नाटकातून येणारा आंबा विकण्यात काहीही गैर नाही, पण फलकावर तो कर्नाटकचा आहे असेच लिहिलेले असले पाहिजे. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा ठरावीक मात्रेत वापर करण्यास परवानगी आहे. ज्या भांडाराकडे स्वतःची आढी आहे, त्याला मात्र या दोहोंचीही गरज पडत नाही.

प्रश्न : मोठ्या दुकानांत साखर, तेल आणि डाळी आमच्या भांडारापेक्षा स्वस्त मिळतात. मग सभासदांनी केवळ निष्ठेपोटी भांडारात यावे, अशी अपेक्षा योग्य आहे का? (एक सभासद, कोल्हापूर)

नाही. निष्ठेच्या जोरावर कोणतेही भांडार फार काळ चालत नाही आणि चालूही नये. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी जे सहकारी दुकान काढले, त्याचे बळ शुद्ध माल, खरे वजन आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची परतफेड यांत होते. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली उभे राहिलेले अपना बाजार आणि तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरातील वारणा बझार या सहकारी भांडारांकडेही लोक आले ते माल आणि वजन यांच्या भरवशावर. आपल्या कायद्याने भागावरील लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. त्यामुळे भाग घेऊन घरी बसणाऱ्याला या व्यवहारात फारसे काही मिळत नाही. जो खरेदी करतो त्याला खरेदीवरील सूट मिळते, आणि तेच योग्य आहे.

कंपनीच्या पुड्यातील साखर-तेलाच्या दरात मोठ्या दुकानांशी स्पर्धा करणे लहान भांडाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण बेडगी आणि लवंगी मिरची देठ काढून, सभासदासमोर कांडून त्याच्या प्रमाणात मिसळून देणे, सिंधुदुर्गातील ओळखीच्या घरून कोकम आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणणे, नव्या चिंचेचे गोळे आणि उन्हाळी मसाल्याचे साहित्य एका यादीत बांधून देणे, ही कामे मोठ्या दुकानाच्या कपाटांना जमणारी नाहीत. आपल्या भांडाराने मार्च ते मे या तीन महिन्यांतील अशा मालाची विक्री वेगळी मांडून पाहावी, आणि सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेत हा आकडा सभासदांपुढे ठेवावा. नेमकी कोणती कपाटे कमी करावीत आणि कोणती वाढवावीत, याचा निर्णय त्यावरून घेता येईल.

प्रश्न : भांडाराच्या गच्चीवर आम्ही महिला सभासद दर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे आणि साबुदाण्याच्या पापड्या घालतो. यंदा हा माल भांडारातच विक्रीला ठेवण्याचा ठराव झाला आहे. मजुरी कशी ठरवावी? (एक सभासद, सातारा)

ठरावाबद्दल मनापासून अभिनंदन. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची लहान उत्पादकांसाठी असलेली नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, टिकण्याची मुदत, पत्ता व नोंदणी क्रमांक छापावा.

मजुरीचा प्रश्न नाजूक आहे, कारण कुरडईचे सगळे काम सारख्या कष्टाचे नसते. गहू तीन दिवस भिजवून रोज त्याचे पाणी बदलणे हे चिकाटीचे काम आहे. वाटलेला गहू पिळून चोथा वेगळा करताना मनगटे भरून येतात. रात्रभर निवलेल्या चिकावरचे (गव्हाच्या पिळून काढलेल्या सत्त्वावरचे) पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायला अनुभव लागतो. पण सर्वांत अवघड काम पहाटे चुलीपाशी असते. उकळत्या पाण्यात एकीने चिकाची धार सोडायची आणि दुसरीने गुठळी न होऊ देता तो घोटत राहायचा. चीक पारदर्शक होऊन त्यावर चकाकी येईपर्यंत हात थांबवता येत नाही, आणि ऊन तापण्याआधी सगळ्या कुरडया सोऱ्यातून कापडावर पडाव्या लागतात. दिवसाचा सरसकट दर लावला तर घोटणाऱ्या बाईवर अन्याय होतो, आणि नुसत्या तयार मालाच्या वजनावर पैसे दिले तर पिळणारी विसरली जाते. म्हणून प्रत्येक कामाला तासाचा वेगळा दर ठरवावा आणि चुलीपाशी असलेल्या दोघींचा दर सर्वांत जास्त ठेवावा. सावलीत बसून कुरडया उलटणाऱ्या आणि पाखरे हाकणाऱ्या वयस्क सभासदांचीही हजेरी मांडावी. त्यांचे कामही काम आहे. आणि लहान मुलांना गरम चिकाची वाटी देण्याची जी रीत आहे, तिचा हिशेब मांडू नये.

पैसे त्याच आठवड्यात, प्रत्येकीच्या हातात किंवा तिच्या खात्यावर द्यावेत. गिरगावात १९५९ साली सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडचा श्री महिला गृह उद्योग उभा राहिला. तेथे लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार मानली जाते. आपणही शिल्लक नफ्यातील वाटा या गटासाठी ठरावाने राखून ठेवावा, नाहीतर भांडाराला स्वस्त मजूर मिळाले, एवढाच त्याचा अर्थ होईल.

प्रश्न : भांडारासमोर पाणपोई घालून पन्हे आणि ताकही द्यावे असे वाटते. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, नागपूर)

आपल्याकडच्या उन्हात याहून उपयोगी काम नाही. पन्ह्याचा घट्ट गर आदल्या दिवशी करून थंड ठेवावा आणि लागेल तसे पाणी घालून थोडे थोडे पन्हे करावे. ताक मात्र सकाळीच घुसळून दुपारपर्यंत संपवावे, उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये. माठ रोज रिकामा करून आतून घासावा, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे आणि पेले धुण्यासाठी एका सभासदाची पाळी लावावी. बर्फ शक्यतो घालूच नये, माठाचा गारवा पुरतो. घालायचाच असेल तर खाण्यायोग्य बर्फाची पावती मागावी. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्याला निळसर रंग देणे बंधनकारक आहे, त्यामुळे निळसर लादी दिसली तर ती परत पाठवावी. पाणपोई सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत चालू असणे आवश्यक आहे, म्हणून त्या काळात भांडार दुपारी बंद ठेवण्याची प्रथा असेल तर समोरचा ओटा तरी सावली करून उघडा ठेवावा. हमाल, रिक्षाचालक आणि टपाल वाटणारे यांना त्याच वेळी पाण्याची गरज असते.