काजूच्या ग्रेडिंगआधी सकाळची आंघोळ

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहतो. माझा सतरा वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि मुक्त विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झाला आहे. नात्यातल्यांच्या काजू कारखान्यात तो काजूगर आकाराप्रमाणे बिनचूक वेगळे करतो. मात्र यंत्र सुरू झाले की कान झाकून ओरडतो, स्वतःचा हात चावतो. आंघोळ, कपडे सारे सांगावे लागते. त्याला आयटीआयला घालावे की कारखान्यातच ठेवावे? हात हलवण्याची त्याची सवय कशी मोडावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आयटीआय की कारखाना, हा निर्णय वर्षभर लांबला तरी चालेल. कोणत्याही कामावर तो टिकेल का, हे दोन गोष्टींवर ठरेल : अस्वस्थता वाढू लागल्याचे त्याला वेळेत कळणे व कळवता येणे, आणि सकाळची तयारी कोणी न सांगता होणे. त्यामुळे त्याचे प्रशिक्षण घरातच सुरू झाले आहे असे समजावे.

अनेक स्वमग्न व्यक्तींना भूक, उकाडा किंवा ताण शरीरात फार उशिरा जाणवतो. आपल्याला जो उद्रेक अचानक झालेला दिसतो, त्याची सुरुवात बहुधा बरीच आधी झालेली असते. पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा : त्याआधी तो काय करत होता, आवाज कोणता होता, झोप व जेवण कसे झाले होते, चाल वाढली होती का, एकच प्रश्न पुन्हा विचारत होता का. ही लक्षणे सापडली की ‘मला बाहेर जायचे आहे’ असे चित्र असलेले एक कार्ड त्याच्या खिशात द्या आणि त्याचा सराव तो शांत असतानाच करून घ्या. उद्रेक झाल्यावर काही शिकवू नये. शब्द कमी करावेत, माणसे दूर करावीत. तो हट्ट नसतो, त्यामुळे दटावण्याने तो लांबतोच.

हात हलवण्याची सवय मोडू नका. तो त्याचा स्वतःला सावरण्याचा मार्ग आहे, आणि हसणाऱ्यांची सोय पाहणे हे आपले काम नव्हे. हात चावणे मात्र वेगळे. दात किंवा कान दुखतो का हे आधी तपासून मग ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञाचा, सल्ला घ्यावा.

आंघोळीसाठी सूचना देणे कमी करा, कारण तोंडी सूचनेची सवय सर्वांत अवघड सुटते. आईचा आवाज हीच त्या कामाची पहिली पायरी होऊन बसते. त्याऐवजी न्हाणीघराच्या भिंतीवर पायऱ्यांची चित्रे लावा. सुरुवातीला बाकी सर्व आपण करावे आणि शेवटची पायरी, म्हणजे टॉवेल दोरीवर टाकणे, त्याच्याकडे सोपवावी. ती जमली की तिच्या आधीची. अशा उलट क्रमाने प्रत्येक दिवस काम पूर्ण केल्याच्या समाधानाने संपतो.

आता कारखान्याविषयी. अख्ख्या काजूगरांची प्रत आकारावरून ठरते; उदाहरणार्थ, डब्ल्यू 320 ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 गर. हा फरक नजरेने ओळखणारा माणूस कारखान्याला हवाच असतो. मात्र त्याचे मेज यंत्रापासून दूर, निराळ्या खोलीत असावे, कानांवर आवाज अडवणारे साधन असावे, आरंभी दोनच तास काम असावे आणि त्या दोन तासांची मजुरी त्याच्या हातात पडावी. नात्यातला कारखाना आहे म्हणून फुकट बसवू नये. बिया फोडण्याच्या जागी त्याला मुळीच नेऊ नका. टरफलातील तेलाने कातडी भाजते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास उच्च शिक्षणातील व सरकारी नोकरीतील आरक्षणाचा विचार करता येतो, म्हणून दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवा. अठराव्या वर्षानंतर आपले कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. गरज असल्यास 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. तरीही आधार मिळाल्यावर तो स्वतः निर्णय घेऊ शकतो का, हे आधी पाहावे असे माझे मत आहे.

गणपतीच्या दिवसांत यातले काहीही नव्याने सुरू करू नका. झांजा, पाहुणे आणि बदललेल्या जेवणाच्या वेळा एकदम येतात, त्यासाठी त्याला एक बंद खोली राखून ठेवा आणि चाकरमानी कोणत्या तारखेला येणार, कोणत्या तारखेला परतणार, हे त्याच्या दिनदर्शिकेवर आजच लिहा.