आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णासाठी हॉस्पिटलकडे नेमकं काय मागावं?

तुम्ही लिहिलंय की टाके घालताना बहिणीला 'स्वतःच करून घेतलंस ना, मग सोस' असं ऐकवलं, मानसोपचारतज्ज्ञ पाच मिनिटं येऊन गेले आणि आता डिस्चार्जची घाई चालली आहे. काय मागायचा हक्क आहे, असं विचारलंत.

टाक्यांपासूनच सुरुवात करते. जखम कशी झाली यावर भूल द्यायची की नाही हे ठरत नाही. अपघातातल्या जखमेला जी भूल आणि जी वेदनाशामकं, तीच इथेही. छातीत दुखतंय, चक्कर येतेय असं ती म्हणाली तर 'मानसिक आहे' म्हणून सोडून न देता तपासणी व्हायला हवी. केसपेपरवर मानसिक आजाराचा शेरा असला की शारीरिक आजार नजरेतून सुटणं ही नेहमीची चूक आहे. आणि 'लक्ष वेधायला केलं' हे तर कुणी बोलूच नये. आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशाऱ्यांपैकी एक आहे.

पाच मिनिटांत मूल्यमापन होत नाही. तिच्याशी बोलणं एकांतात व्हायला हवं, म्हणजे तुम्हीही बाहेर. 'जीव द्यावासा वाटतो का? आत्ताही वाटतोय का? काही ठरवलंय का?' असं थेट विचारायला हवं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती निराधार आहे. नुसत्या प्रश्नावलीच्या गुणांवरून 'धोका कमी' असा निष्कर्ष काढत असतील तर हरकत घ्या. पुढे कोण प्रयत्न करेल हे अशा गुणांवरून नीट सांगता येत नाही. कमी गुण मिळालेलेही पुन्हा प्रयत्न करतात. 'पुन्हा असं करणार नाही' असं लिहून घेतलेल्या कागदाचाही उपयोग नाही. त्याने डॉक्टर निर्धास्त होतात, रुग्ण नाही. उलट शब्द मोडला म्हणून तो पुढच्या वेळी सांगायला कचरू शकतो.

त्याऐवजी सुरक्षा योजना मागा. तिच्याच शब्दांत, एका पानावर: विचार बळावू लागल्याची खूण कोणती, एकटी असताना मन दुसरीकडे वळवायला काय करता येईल, कुणाच्या सोबतीला किंवा कुठे जाता येईल, मदत मागता येईल अशी घरची-मित्रमंडळी कोण, डॉक्टर आणि आपत्कालीन सेवेचे नंबर, आणि घरातली धोक्याची साधनं कशी दूर ठेवायची. हे शेवटचं काम बरचसं तुमचं, तेही तिला विश्वासात घेऊन आणि ती घरी यायच्या आत. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा थोड्या वेळापुरती असते, म्हणून साधन हाताशी नसणं जीव वाचवू शकतं. गोळ्या लिहून दिल्या तर एका वेळी थोड्याच दिवसांच्या मागा.

गोपनीयतेचं कारण सांगून डॉक्टर तुम्हाला काही सांगणार नाहीत, ते ठीक. पण तुम्ही त्यांना सांगायला काहीच आडकाठी नाही. घरी काय बघितलंत, ती काय म्हणाली होती, हे लिहून द्या.

डिस्चार्जबद्दल मी हट्टी आहे. दाखल रुग्ण घरी गेल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे सगळ्यात धोक्याचे. 'गरज वाटली तर या' ही फॉलोअप नव्हे. तारीख, वेळ आणि डॉक्टरचं नाव लिहून घ्या. एक-दोन दिवसांत फोन आणि आठवड्याच्या आत भेट ठरवूनच निघा. साध्या संपर्कालाही किंमत आहे: सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. त्यात ना सल्ला, ना मागणी, फक्त विचारपूस. पत्रं न मिळालेल्यांच्या तुलनेत या गटात आत्महत्या कमी झाल्या, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे.

ती आत्ता 'मला घरी जायची भीती वाटते' म्हणत असेल तर डिस्चार्ज थांबवायला सांगा आणि तिचे हे शब्द केसपेपरवर लिहायला लावा. घरी गेल्यावर पुन्हा असं काही बोलली, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. तिला एकटं न सोडता थेट इमर्जन्सीत घेऊन जा.