विज्ञानाच्या वहीत कविता: पोरीचं नुकसान तर नाही ना होणार?

“मॅडम, पोरगी विज्ञानाच्या वहीत कविता लिवते. सर रागवाचे सोडून अजून लिव म्हनते. दहावीले याचे मार्क कोन देइन?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आठवीतल्या मुलीचे वडील मला हे विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलीला पुढे शिकवायचं तर मार्कांशिवाय गत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. आठवी-नववीचे बरेच पालक हाच प्रश्न घेऊन येतात आणि मला तो कधीच गैर वाटत नाही. परीक्षेत उत्तर लागतं, कविता नाही.

मी वही मागितली. सरांनी कीटकाचं जीवनचक्र शिकवून प्रत्येकाला एकेक कीटक दिला होता आणि ‘तो स्वतःच बोलतोय असं लिहा’ म्हणून सांगितलं होतं. हिच्या वाट्याला गुलाबी बोंडअळी आली होती. २०१७ च्या हंगामात या अळीनं आपल्याकडे कापसाचं जे केलं, ते कोणत्याच घरात सांगावं लागत नाही. पोरीनं लिहिलं होतं :

डोमकळीत शिरलो, बोंडात गेलो,
भोक मांगून बुजलं, कोनाले नाई दिसलो.
सरकी खाल्ली मधातली, कापूस झाला कवडी,
कोषातून पतंग झालो, रातीले मारली उडी.

वडिलांना म्हटलं, “भाऊ, यात खोटं काय आहे?” त्यांनी दोनदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं. अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, ती त्यांनी स्वतः खुडलेली. बोंड वाढताना अळीचं भोक बुजतं आणि वरून बोंड धडधाकट दिसतं, हेही त्यांचं पाहिलेलं.

पण एक गोष्ट सुटली होती. मुलीला जवळ बोलावून विचारलं, “डोमकळीत शिरायच्या आधी तू होतीस कुठं?” ती अडखळली. अंडी, अळी, कोष, पतंग हे चार शब्द तिला तोंडपाठ होते, पण कवितेत अंडी नव्हतीच. पाठांतरात हे कळलं नसतं. गोष्ट सांगायला बसलं की मधला दुवा तुटलेला लगेच दिसतो, आणि मला या पद्धतीचं खरं मोल इथेच वाटतं. आणखी एक : घरची वऱ्हाडी आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर असतं. समजलेलं आधी आपल्या बोलीत मांडलं की मग प्रमाण भाषेत लिहिणं मुलांना जड जात नाही.

म्हणून मी सरांशी बोलून एवढंच ठरवलं : कवितेत चूक राहिली तर ती आधी दुरुस्त करायची आणि तिच्याखालीच परीक्षेला चालेल असं उत्तर लिहायचं, नावं दिलेल्या आकृतीसकट. कवितेला मार्क नाहीत. यमक जुळवायला माहिती वाकवली तर ती ओळ खोडायची. निव्वळ यादी चालीवर घोकणं ही वेगळी गोष्ट आहे. तिनं पाठ होतं, समज वाढेलच असं नाही.

वडील गावच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात. त्यांना विचारलं, ग्रामगीतेत काय आहे? गावसफाई, आरोग्य, शिक्षण, ४१ अध्याय, सगळं ओवीत. तुकडोजी महाराजांनी ते ओवीत सांगितलं म्हणून हलकं झालं का? “नाई,” ते म्हणाले, “म्हनून तं ध्यानात राह्यते.” भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त गणितं श्लोकांतच घातली होती, हेही त्यांना सांगितलं. गणितात मात्र मुलांकडून कवितेपेक्षा शाब्दिक उदाहरणं रचून घेणं मला बरं वाटतं : किती क्विंटल कापूस, काय भाव, वेचाईला किती गेले.

घरी काय करायचं, असं वडिलांनी विचारलं. कविता तपासू नका, तिच्यातली एक ओळ समजावून सांगायला लावा, एवढंच मी म्हटलं. पुढच्या भेटीत मुलीनं वही दाखवली. ‘मायनं पातीवर अंडी घातली’ (पाती म्हणजे कपाशीची कळी) ही ओळ वर आली होती, खाली चारही अवस्थांची आकृती होती.

रसायनातली संयुजा, म्हणजे अणूची दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता, तिला अजून अडते. तिथे कविता नको, रोज पाच रेणुसूत्रं लिहीत जा, असं तिला सांगितलंय.