मनगट मुरगळलंय की हाड मोडलंय?

प्रश्न : स्कूटरवरून पडताना तळहात टेकला. एक्स-रे साफ आला, पण आठवडा झाला तरी अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. मुरगळलंच असेल ना?

उत्तर : तसं गृहीत धरू नका. मनगटातल्या 8 छोट्या हाडांपैकी अशा पडण्यात बहुधा मोडतं ते अंगठ्याकडचं स्कॅफॉइड. अंगठा ताणून वर उचला. मुळाशी खळगा दिसेल. तिथे दाबल्यावर कळ आली, तर हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. बारीक चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. 10 ते 14 दिवसांनी तो पुन्हा काढतात किंवा एमआरआय करतात. तोवर मनगट स्प्लिंटमध्येच, म्हणजे ते हलू न देणाऱ्या आधारपट्टीतच हवं. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं. मध्येच मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो, जुळत नाही, कधी मरतोही. मालीश तर अजिबात नको!